एकसष्टचा चेहरा

राजनंदिनी चौगुले यांचं मुखवय एकसष्ट आलं, तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या.

सांगलीच्या यकृत केंद्रातल्या तपासणीच्या खोलीत त्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. केस मागे घट्ट बांधलेले, टिकली काढून ठेवलेली, कानांत काही नाही. समोरच्या कॅमेऱ्यानं त्यांचे चाळीस फोटो घेतले. सरळ बघताना, डोळे मिटून, ओठ दाबून, गाल फुगवून, मान वळवून. मग पडद्यावर आकडा आला आणि डॉ. यशोधन इंगवले यांनी पडदा हलकेच स्वतःकडे वळवून घेतला. ती त्यांची सवय होती. आकडा चांगला आला की ते पडदा समोरच्याला दाखवत, वाईट आला की स्वतःकडे वळवत. केंद्रातल्या नर्सना हे माहीत होतं. राजनंदिनीताई पहिल्यांदाच आल्या होत्या, पण त्यांनाही कळायचं ते कळलं.

"किती आलं?"

"एकसष्ट."

त्यांनी पर्स उघडून ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. मशीनला जन्मतारीख सांगितलीच नसेल, असं त्यांना वाटलं होतं. इंगवल्यांनी त्यांना समजावलं की जन्मतारीख मुद्दामच सांगत नाहीत. मशीननं तारखेकडे बघायचंच नसतं. त्यानं फक्त चेहरा बघायचा.

मुखवय म्हणजे काय हे त्या काळात शाळेतल्या मुलांनाही माहीत होतं. तारखेवरून निघणारं वय सगळ्यांचं एकाच वेगानं पुढे जातं, शरीर तसं जात नाही. एखादा पन्नाशीतच मोडून पडतो, एखादी बाई सत्तरीत विहिरीवर पोहायला जाते. शरीराचं हे आतलं वय रक्तातून आणि हाडांतून मोजायची खटपट शास्त्रज्ञ बरीच वर्षं करत होते. मग असं लक्षात आलं की ते चेहऱ्यावर उमटलेलंच असतं, फक्त ते वाचायला माणसाची नजर कमी पडते. लाखो रुग्णांचे शस्त्रक्रियेआधीचे फोटो आणि पुढे त्यांचं काय झालं याच्या नोंदी यंत्राला दाखवल्या गेल्या. कुठल्या सुरकुतीचा अर्थ काय, हे त्याला कुणी शिकवलं नाही. ते त्याचं त्यानं ताडलं. मुरलेल्या सर्जनचा अंदाज दहापैकी सहा वेळा बरोबर यायचा, यंत्राचा नऊ वेळा.

मग एका वर्षी, दुसऱ्याला यकृताचा तुकडा द्यायला आलेली अकरा धडधाकट माणसं शस्त्रक्रियेनंतर दगावली. आजारी माणूस दगावला तर लोक नशिबाला बोल लावतात. पण स्वतःच्या पायांनी चालत आलेला निरोगी माणूस टेबलावरून उठला नाही, तर त्याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं. तेव्हापासून नियम झाला. ज्याचं मुखवय पंचावन्नच्या वर, त्याचं यकृत कापायचं नाही. गेली नऊ वर्षं एकही दाता दगावला नव्हता. इंगवले तरुणपणी त्या यंत्राला फोटो दाखवणाऱ्या गटात होते. कुणी मुखवयाला नावं ठेवली की ते शांतपणे हा नऊ वर्षांचा हिशेब सांगत.

राजनंदिनीताई देणार होत्या त्यांच्या धाकट्या बहिणीला, अन्विता मगदूमला. अन्विता एकोणचाळीस वर्षांची होती, मिरजेत एका शाळेत गणित शिकवायची. तिच्या यकृतातल्या पित्तनलिका आतून बुजत चालल्या होत्या. आईवडील नव्हते. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता. जुळल्या दोघीच. एक मोठी बहीण आणि दुसरी अन्विताची मुलगी तारिणी, जिला अठरा पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. तारिणी लगेच तयार झाली. अन्वितानं मुलीला समोर बसवून सांगितलं की तू टेबलावर झोपलीस तर मी माझ्या टेबलावरून उठून जाईन. ती तसं करेल याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. म्हणून ताई.

ताईंची अडचण वजनाची होती. जयसिंगपूरला त्यांचा आणि त्यांचे पती शीतल यांचा गाद्यांचा कारखाना होता. आठ-दहा बायका कामाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनची घरघर, हवेत उडणारा कापूस. ताईंचं वजन चौऱ्याण्णव किलो होतं आणि यकृतात चरबी साठलेली होती. तसलं यकृत कापून दुसऱ्याला देता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, चरबी उतरवा आणि या. तेव्हा सुई होतीच. आठवड्याला एकदा दंडात टोचायची, भूक मरते. त्या काळी निम्मं राज्य सुईवर होतं. रस्त्यावर जाड माणूस दिसला तर लोक वळून बघत. ताई तेवढ्या राहिल्या होत्या, कारण त्यांना खायला आवडायचं आणि वजनाचं काही वाटायचं नाही. बहिणीसाठी त्यांनी पाच महिन्यांत बत्तीस किलो उतरवले. यकृत लख्ख झालं. आणि चेहरा असा झाला.

असा म्हणजे कसा, ते त्या काळच्या लोकांना सांगायला लागायचं नाही. त्याला शब्दच होता. सुईचेहरा. डोळ्यांखाली खोबणी, गालांची हाडं वर आलेली, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल रेघा, हनुवटीखाली लोंबणारी कातडी. लग्नाच्या फोटोंत नवरीची आई कोण आणि आजी कोण हे विचारावं लागे. म्हणून गावोगावी गालभराईची दुकानं निघाली होती. तासाभरात जेल टोचून गाल भरून देत.

"असं होतं कसं हो?" राजनंदिनीताईंनी विचारलं. "माझी तब्येत तर सुधारली. जिना चढताना आता दम लागत नाही. मग तोंडानंच काय पाप केलंय?"

इंगवल्यांनी नेहमीचं सांगितलं. चेहऱ्याच्या कातडीखाली चरबीचे छोटे छोटे कप्पे असतात. गालाचा वेगळा, डोळ्याखालचा वेगळा, कानशिलाचा वेगळा. कातडी त्यांच्यावर ताणून बसलेली असते. वय वाढतं तसे हे कप्पे हळूहळू रिकामे होतात आणि कातडीतला ताणही जातो, म्हणून म्हातारपणी गाल बसतात. झपाट्यानं वजन उतरवलं की वीस वर्षांचं काम पाच महिन्यांत होतं. कातडीला आवळून घ्यायला वेळच मिळत नाही.

ताईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गादी उसवून निम्मा कापूस काढला तर खोळ ढिली पडते. पण म्हणून खोळ जुनी झाली असं कुणी म्हणत नाही, डॉक्टर. आम्ही तर हातात घेऊन सांगतो, नवी आहे की जुनी."

हाच प्रश्न इंगवल्यांना गेली दोन वर्षं छळत होता. यंत्र ज्या फोटोंवर शिकलं, ते सुई येण्याआधीचे. त्या दिवसांत ज्याचे गाल असे बसलेले असत, तो माणूस बहुतेक करून खरोखरच खंगलेला असे. क्षय, कर्करोग, वर्षानुवर्षांचा अर्धपोटी संसार. पोकळ गाल म्हणजे आतून पोखरलेलं शरीर, हे यंत्रानं त्या माणसांकडून शिकलं होतं. मुद्दाम बारीक झालेली माणसं त्यानं पाहिलीच नव्हती. तेव्हा यंत्र इथे चुकत असावं, असं इंगवल्यांना वाटायचं. पण दुसऱ्या बाजूनं विचार केला तर शरीराला काय कळतं? उपासमार हौसेची आहे की नाइलाजाची, हे शरीर विचारत नाही. चरबीबरोबर स्नायूही झडतात. मग यंत्र कदाचित बरोबरही असेल. त्यांनी हे ताईंना सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की दाद मागायची सोय आहे, मुंबईच्या समितीकडे अर्ज करता येतो, निकालाला तीन महिने लागतात.

"अन्विताकडे किती दिवस आहेत?"

"सहा आठवडे. फार तर आठ."

ताईंनी टिकली पुन्हा कपाळावर लावली, ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवशी दुपारी इंगवल्यांनी त्यांचे बाकीचे अहवाल पुन्हा काढून वाचले. हृदय उत्तम. फुप्फुसं उत्तम. रक्तात नाव ठेवायला जागा नाही. फक्त हाताची पकड तेवढी कमी भरली होती, त्यांच्या वयाच्या बाईची असते त्यापेक्षा थोडी कमी. पकडीवरून अंगातल्या स्नायूंचा अंदाज येतो. इंगवल्यांनी तो आकडा पाहिला, त्यावर क्षणभर थांबले आणि पान उलटलं. गाद्या उचलणाऱ्या बाईची पकड कशी कमी असेल, मोजताना काहीतरी चुकलं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. त्या कोल्हापूरला एका गालभराईच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. दुकानातल्या मुलीनं तासाभरात चेहरा दहा वर्षांनी मागे नेऊ असं सांगितलं होतं. तर तसं केलेलं चालेल का, असं त्या विचारत होत्या. इंगवल्यांनी सांगितलं की चालणार नाही. जेल यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. गाल फुगवायला, ओठ दाबायला लावतात ते त्याचसाठी. खरी चरबी कप्प्याकप्प्यानं हलते, जेल गोळ्यासारखं एकदम सरकतं. पकडलं गेलं तर वर्षभर दाता म्हणून नाव घेत नाहीत.

ताई म्हणाल्या, बरं. पण त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून कारखान्याची घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी सांगितलं की अन्विता काल वर्गात फळ्यासमोर उभी असताना कोसळली, आणि तारिणीनं आईला न सांगता केंद्रात स्वतःचं मुखवय काढून घेतलंय. एकोणीस आलं म्हणे.

"डॉक्टर, त्या पोरीचं पोट मी कापू देणार नाही. तिनं अजून काही बघितलेलं नाही. मला एवढंच सांगा, मशीनला काय ओळखता येत नाही?"

इथे इंगवल्यांना गप्प राहता आलं असतं. पुढे चौकशीत त्यांना हेच विचारलं गेलं आणि त्यांनी हेच उत्तर दिलं, की मला गप्प राहता आलं असतं.

"स्वतःच्याच अंगातली चरबी," ते म्हणाले. "ती कप्प्यातल्या चरबीसारखीच हलते. पण ते काम दुकानात होत नाही. प्लास्टिक सर्जन लागतो. आणि मी तुम्हाला हे सांगितलेलं नाही."

तीन आठवड्यांनी राजनंदिनीताई पुन्हा त्या पांढऱ्या भिंतीपुढे बसल्या. मांड्यांवर राहिलेली थोडी चरबी काढून गालांत, कानशिलांत आणि डोळ्यांखाली भरली होती. सूज उतरली होती. इंगवल्यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाची बाई आणि ही बाई यांच्यात मायलेकींइतकं अंतर होतं. कॅमेऱ्यानं चाळीस फोटो घेतले. आकडा आला, सत्तेचाळीस. इंगवल्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. अर्जावर एक ओळ असायची, गेल्या वर्षभरात चेहऱ्यावर कुठलाही उपचार केलेला नाही. ताईंनी सही केली. त्याखाली परीक्षक म्हणून इंगवल्यांनी केली.

शस्त्रक्रिया अकरा तास चालली आणि नीट पार पडली. ताईंच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे जवळजवळ साठ टक्के, अन्विताच्या पोटात बसवला. कापलेलं यकृत पुन्हा वाढतं. निसर्गानं ही सोय दुसऱ्या कुठल्याच मोठ्या अवयवाला दिलेली नाही. दोन-तीन महिन्यांत देणारी आणि घेणारी, दोघींचीही यकृतं पुरेशी भरून येतात. अन्विताचं तर इतक्या भराभर वाढलं की सर्जन खूश झाले. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा आठवड्यात गेला. महिन्याभरानं ती घरातल्या घरात चालायला लागली.

ताई दहाव्या दिवशी जयसिंगपूरला परतल्या. पुढची देखरेख घरूनच व्हायची. दर आठवड्याला दात्यानं मोबाइलवर चेहरा दाखवायचा, यंत्र मुखवय काढून केंद्राला कळवायचं. शस्त्रक्रियेनंतर आत काही बिघडलं तर मुखवय आधी वर सरकतं, ताप येण्याआधी, दुखायला लागण्याआधी. यंत्राची ही सगळ्यात कौतुकाची बाजू होती. मुखवय स्थिर असेल त्यांना दर आठवड्याला रक्त द्यायला सांगलीला हेलपाटे घालावे लागत नसत.

ताईंचं पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस आलं. मग सत्तेचाळीस. मग शेहेचाळीस. सहाव्या आठवड्यात पंचेचाळीस आलं आणि यंत्रानं आपणहून निरोप पाठवला, प्रकृती उत्तम, पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी.

त्यानंतर एकदा ताईंनीच फोन केला. थकवा फार वाटतो म्हणाल्या. दुपारी कारखान्यात बसवत नाही, सिंगल गादीचं टोकही उचलवत नाही, जेवण जात नाही. इंगवल्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. पडद्यावर ताई दिसल्या, कापसाच्या ढिगासमोर बसलेल्या, अंगात लांब बाह्यांचा सैल कुर्ता, गाल भरलेले, नजर थोडी मंद. मागून शीतल डोकावले आणि म्हणाले, बघा की डॉक्टर, लोक विचारतात ऑपरेशन हिचं झालंय का दुसऱ्या कुणाचं. इंगवले हसले. एवढं मोठं ऑपरेशन झालंय, तीन-चार महिने थकवा राहणारच, असं त्यांनी सांगितलं. ताई बरं म्हणाल्या. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं असं इंगवल्यांना नंतर वाटत राहिलं, पण ते खरंच तसं होतं की नंतर सुचलेलं होतं, हे ठरवायला काही मार्ग उरला नाही.

अठरा दिवसांनी दुपारी साडेबाराला शीतल त्यांना गाडीत घालून केंद्रात घेऊन आले. पोट दुखतंय, चालवत नाही, असं म्हणत होत्या. ताप नव्हता. तातडीच्या विभागाच्या दारात कॅमेरा होता. आलेल्या माणसाचा चेहरा बघून कुणाला आधी घ्यायचं हे तो ठरवायचा. ताईंचं मुखवय पंचेचाळीस आलं, आधीच्या नोंदीइतकंच. त्यांना चौथा क्रमांक दिला गेला. म्हणजे बसून घ्या, वेळ लागेल. समोरच्या नर्सनंही त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला त्यात काही चूक दिसली नाही. पावणेतीनपर्यंत ताई बाकावर शीतलच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. मग त्या बसल्या जागी घसरल्या.

इंगवले खाली धावत आले तेव्हा नर्सनं रक्तदाब मोजण्यासाठी कुर्त्याची बाही वर सारली होती. तो हात त्यांनी पाहिला. कोपराचं हाड कातडीतून बाहेर येऊ बघत होतं. दंड इंगवल्यांच्या मनगटाएवढा होता. त्यांनी कुर्ता वर केला तर बरगड्या मोजता येत होत्या. वजन त्रेचाळीस किलो भरलं. आणि या सगळ्यावर तो चेहरा, भरल्या गालांचा, डोळे मिटलेला, दुपारी जेवून पडलेल्या बाईसारखा.

कापलेल्या जागेजवळ पित्त झिरपून पू साठला होता. तो तीन आठवडे तरी जुना असावा. एरवी अशा वेळी सणकून ताप येतो, पण ताप यायलाही अंगात जोर लागतो. तो जोर ताईंच्या अंगात उरलेला नव्हता. यकृत वाढायला जे लागतं ते शरीर स्नायूंतून काढत राहिलं, आणि स्नायू पाच महिन्यांच्या सुईनं आधीच झिजवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

जयसिंगपूरला अंत्यदर्शनाला इंगवले गेले होते. कारखान्यातल्या बायका एकेक करून पुढे येत होत्या. बाईंना काही झालंय असं वाटतंच नाही, चेहरा बघा कसा आहे, असं प्रत्येकजण म्हणत होती. नखशिखांत शाल पांघरली होती, चेहरा तेवढा उघडा. शीतलनी इंगवल्यांना फक्त एक प्रश्न विचारला. ती आतून इतकी वाळली आणि चेहरा तसाच कसा राहिला?

इंगवल्यांना तोवर याचं उत्तर सापडलं होतं. अंगावरची सगळी चरबी एका स्वभावाची नसते. माणूस खंगायला लागला की चेहऱ्यावरची चरबी सगळ्यात आधी वितळते, म्हणून तर दुखण्याची बातमी चेहरा आधी देतो. बाईच्या मांडीवरची चरबी मात्र हटवादी असते, ती शेवटपर्यंत जात नाही. आणि ती उचलून दुसरीकडे नेली तरी आपला स्वभाव सोडत नाही. ताईंच्या गालांत मांडीची चरबी होती. बाकीचं शरीर जळत होतं तेव्हा ती तिथे स्वस्थ बसून होती. त्यांच्या चेहऱ्याची बातमी देण्याची ताकदच काढून घेतलेली होती. काढून घ्यायचा उपाय इंगवल्यांनी सांगितला होता. शीतलना त्यांनी हे सगळं सांगितलं, फोनवरच्या त्या वाक्यासकट. शीतल ऐकून घेऊन आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इंगवल्यांनी समितीला लेखी कळवलं, काही न लपवता. चौकशी बसली. समितीला इंगवल्यांच्या शिक्षेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. गेल्या नऊ वर्षांत किती दात्यांनी स्वतःची चरबी भरून मुखवय उतरवलं होतं? देशभरातल्या केंद्रांना पत्रं गेली. कुणालाच सांगता येईना, कारण ते ओळखता येत नाही हीच तर त्यातली गोम होती. एकटे इंगवलेच बोलले होते असं मानायला काही आधार नव्हता. आणि यंत्र तर रोज शिकत होतं, येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावरून आणि त्याच्या पुढच्या नोंदीवरून. त्यात किती चेहरे खरे आणि किती भरलेले, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नव्हतं.

एका सदस्यानं इंगवल्यांना सरळ विचारलं, यंत्रानं एकसष्ट सांगितलं होतं ते मग बरोबरच होतं ना? इंगवल्यांनी यावर बराच विचार केला होता. यंत्राचं ऐकलं असतं तर ताई आज कारखान्यात असत्या, हे खरं. पण खोट्या पंचेचाळीसवर विसंबून रक्त तपासायचं थांबवलं नसतं, तरीही त्या वाचल्या असत्या. एकसष्ट बरोबर होतं म्हणून त्या गेल्या, की एकसष्ट झाकलं म्हणून गेल्या, हे एका मरणावरून सांगता येत नाही, असं त्यांनी उत्तर दिलं. सदस्यानं ते लिहून घेतलं. चौकशी संपेपर्यंत इंगवल्यांना केंद्रातच ठेवलं, मुखवयाच्या खोलीतून मात्र हलवलं. बाह्यरुग्ण विभागात ते साधी तपासणी करायला बसू लागले.

तिथे डिसेंबरमध्ये अन्विता आली. बरोबर तारिणी होती. शस्त्रक्रियेला सात महिने झाले होते. नवं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून जी औषधं देतात त्यांनी चेहरा गोल होतो, तशी अन्विता चंद्रासारखी गोल झाली होती. गालांवर लाली होती. इंगवले उठून उभे राहिले. तिनं हातानंच बसा म्हटलं.

ती शिव्या द्यायला आलेली नव्हती. तिनं सांगितलं की तिला सगळं माहीत आहे, शीतलभाऊजींनी सांगितलं. ताईनं गाल भरून घेतले तेही तिला आधीपासून माहीत होतं, कोल्हापूरला त्या प्लास्टिक सर्जनकडे ताईबरोबर तारिणीच गेली होती. तारिणी खाली बघत राहिली.

"मला एकच विचारायचंय," अन्विता म्हणाली. "ती तुमच्याशी व्हिडिओवर बोलली होती ना, थकवा येतो म्हणून? तेव्हा तुम्ही तिला बघितलं होतं का? मशीननं नव्हे, तुम्ही."

"बघितलं होतं."

"मग?"

"मला चेहरा चांगला वाटला."

अन्वितानं मान हलवली. "मलाही वाटला होता. मी तर रोज बोलत होते तिच्याशी."

मग तिनं सांगितलं की गेले पंधरा दिवस तिला बरं वाटत नाहीये. काय होतंय ते नीट सांगता येत नाही, पण बरं वाटत नाही. शाळेत सगळे म्हणतात, किती छान दिसतेस. नवरा म्हणतो, तू उगाच घाबरतेस, आरशात बघ. आज सकाळी खाली दारात कॅमेऱ्यानं चौतीस सांगितलं आणि चौथा क्रमांक दिला.

बोलता बोलता तिनं खांद्यावरची ओढणी काढली, डोक्यावरून घेतली आणि स्कूटरवर बायका बांधतात तशी चेहऱ्याभोवती गुंडाळली. नाक झाकलं, तोंड झाकलं, मग उरलेला पदर डोळ्यांवरूनही ओढून घेतला. तारिणीनं आईच्या मागे जाऊन गाठ मारली. अन्वितानं दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले.

"आता तपासा," ती ओढणीच्या आतून म्हणाली.

इंगवल्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी त्या दोन हातांकडे पाहिलं. माणूस कुठून तपासायला सुरुवात करायची, हे त्यांना आठवेना.